गाडी मागे नसलेल्यांची सायकल

रोड बाइकवर सामान बांधायचं नसतं, हा नियम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही. सीटखाली पिशवी दिसली की स्वार नवखा ठरतो, मडगार्ड दिसलं की ते काढून टाकायचा सल्ला मिळतो, आणि कॅरियरचा विषय काढला की दुकानदारच 'मग हायब्रिड घ्या' म्हणून मोकळा होतो. वेलोमिनाती नावाच्या मंडळींनी रोड बाइकस्वारांसाठी एक आचारसंहिताच लिहिली. २०१३ मध्ये ती 'द रूल्स' या नावाने पुस्तकरूपातही आली. सीटखालच्या पिशवीला रोड बाइकवर जागा नाही, असा त्यात स्वतंत्र नियम आहे. लिहिणाऱ्यांनी तो अर्धा गमतीत लिहिला असेल, पण पाळणारे तो गंभीरपणे पाळतात आणि दुसऱ्यांवर लादतात. माझं म्हणणं सरळ आहे. हा नियम सायकलच्या स्वभावातून आलेला नाही. शर्यतीतल्या एका ठरावीक सोयीतून तो आला, ती सोय ज्यांना नाही त्यांनाही तो चिकटवला गेला, आणि त्यापायी चांगल्या सायकली निम्म्या कामाच्या होऊन बसल्या.

ती सोय कोणती, हे आधी पाहू. आजच्या शर्यतीत स्वाराची सायकल मोकळी असते, कारण त्याच्या मागे संघाची गाडी असते. गाडीच्या टपावर तयार सायकली असतात, आत चाकं, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट आणि मेकॅनिक. सायकलवरचं ओझं नाहीसं झालेलं नाही, ते मोटारीत गेलं आहे. शर्यती पूर्वीपासून अशाच होत्या असंही नाही. 'टूर द फ्रान्स'च्या सुरुवातीच्या दशकांत बाहेरची मदत घ्यायला बंदी होती. त्या काळच्या छायाचित्रांत स्वारांच्या खांद्यांवरून छातीवर जादा टायर आडवे गुंडाळलेले दिसतात आणि हँडलवर बाटल्या अडकवलेल्या दिसतात. १९१३ च्या शर्यतीत तुर्मालेच्या उतारावर युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. सायकल घेऊन तो दहाहून जास्त किलोमीटर पायी उतरला, सेंत-मारी-द-कांपां या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि आपला चिमटा स्वतःच्या हातांनी जोडला. तेवढा वेळ एका पोराने भाता मारला, म्हणून त्याला दंडाचा वेळही लागला. ज्या खेळाचा दाखला देऊन आज सीटखालच्या पिशवीला नावं ठेवली जातात, त्या खेळाचे पहिले वीर आपलं सामान स्वतः वाहत होते.

इंग्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या क्लबांचे स्वार दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही बराच काळ एकाच सायकलवर सगळं करायचे. कामाला जाणं, रविवारची भटकंती आणि पहाटेची घड्याळाविरुद्धची शर्यत, सगळं तिच्यावरच. शर्यतीची हलकी चाकं पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना छोट्या कंसांवर उभी बांधायची, कपडे आणि डबा सीटमागच्या पिशवीत टाकायचा आणि सायकल चालवतच शर्यतीच्या ठिकाणी पोहोचायचं. तिथे मडगार्ड आणि पिशवी उतरवायची, चाकं बदलायची, पंचवीस किंवा पन्नास मैल जीव तोडून मारायचे, आणि पुन्हा सगळं चढवून घरी यायचं. हे लोक हौशी होते, पण त्यांच्या वेगाला कुणी नावं ठेवू शकणार नाही. त्या पिशव्या बनवणारा लँकशरमधल्या नेल्सन गावचा कॅरडाइस हा कारखाना १९३२ चा. तो आजही जाड सुती कापडाच्या, चामडी वाद्यांच्या पिशव्या शिवतो. वाद्या अडकवायला ब्रुक्स कंपनीच्या कातडी सीटला मागे दोन कड्या असायच्या. आजही त्यांच्या बी-१७ सीटला त्या असतात. सीटच्या मागच्या कडेच्या या दोन कड्यांतून वादी ओवली की पिशवी अंगाच्या आडोशाला, वाऱ्याबाहेर नीट बसते. प्लॅस्टिकच्या शर्यतीच्या सीटा आल्या तेव्हा या कड्या गेल्या. त्या ठेवल्या असत्या तर वजन फारसं वाढलं नसतं. त्या उपयोगी नव्हत्या असंही कुणी दाखवून दिलेलं नाही. दिसायला जुनाट वाटत होत्या, एवढंच.

१९८० च्या दशकात बाकीचंही असंच गळत गेलं. ब्रेक आखूड झाले. ब्रेकच्या बोल्टपासून रबरी गट्टूपर्यंतची पोहोच ४७ ते ५७ मिलिमीटर होती, ती ३९ ते ४९ वर आली. आठ मिलिमीटरचाच फरक, पण तेवढ्यात टायरच्या वरची मडगार्डची जागा संपली. मागच्या आणि पुढच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला एक छोटं आटे पाडलेलं भोक असायचं. पाच मिलिमीटरचा स्क्रू त्यात बसायचा आणि त्यावर मडगार्डची तार आणि कॅरियरचा पाय दोन्ही धरले जायचे. फ्रान्समध्ये शर्यतीच्या आणि प्रवासी सायकलींच्या मधल्या 'दमी-कुर्स', म्हणजे अर्ध्या शर्यतीच्या, सायकली सर्रास विकल्या जात आणि त्यांना ही भोकं असत. शर्यतीच्या चित्रांनी बाजार काबीज केला तशी ही मधली जात मागे पडली. भोक असणं म्हणजे सायकल शर्यतीची नसणं, असं समीकरण झालं आणि भोक गाळणं ही प्रतिष्ठेची खूण ठरली.

अशा खुणांना पुढे विज्ञानाचा मुलामा मिळतो, म्हणून टायरची कहाणी ध्यानात ठेवावी. कित्येक वर्षं रोड बाइकचं टायर जितकं अरुंद आणि दगडासारखं फुगवलेलं तितकं वेगवान, हे ब्रह्मवाक्य होतं. २३ मिलिमीटरही जाड वाटायचे, २० आणि २१ चे टायर हौसेने घेतले जायचे. जाड टायर मागणाऱ्याला टुरिंगवाला म्हणून बाजूला काढलं जायचं. मग खऱ्या रस्त्यावर मोजमापं झाली. खडबडीत डांबरावर फार कडक टायर स्वाराला हादरवण्यात ताकद वाया घालवतं, हे उघड झालं आणि आज जगातले सर्वोत्तम स्वार २८ मिलिमीटरवर, काही जण त्याहूनही जाड टायरवर शर्यती जिंकतात. भौतिकशास्त्र बदललं नव्हतं. सामान वाहणारे लांब पल्ल्याचे स्वार हे आधीपासून सांगत होते, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

गिअरचंही तसंच झालं. सेंत-एतिएनचे पॉल द विव्ही 'व्हेलोसिओ' या नावाने लिहायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते आणि त्यांचे सोबती डोंगरातून, सामानासकट, बदलत्या गिअरवर फिरत होते. 'टूर द फ्रान्स'ने डिरेल्यर गिअरला परवानगी दिली ती १९३७ मध्ये. याच सुमाराला फ्रान्समध्ये सायकलींच्या तांत्रिक परीक्षा होत होत्या. मडगार्ड, दिवे, कॅरियर असलेली सायकल ठरावीक ओझ्यासह डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून न्यायची, आणि हलकेपणाला गुण, मोडतोडीला दंड. रने अर्स, अलेक्स सँजे यांच्यासारखे कारागीर इथेच नावारूपाला आले. त्यांच्या काही सायकली सगळ्या सरंजामासह दहा किलोंच्याही आत भरल्या. कॅरियर बाजारातून आणून लटकवलेलं नसायचं. त्या फ्रेमच्या मापाने पातळ नळी वाकवून, त्याच माणसाने झाळून बनवलेलं असायचं. कॅरियर आलं की सायकल ओबडधोबड आणि जड झालीच, असं मानणाऱ्याने या सायकलींची छायाचित्रं तरी पाहावीत. शर्यतीतून हौशी स्वारांकडे ज्ञान झिरपतं, असा समज आहे. बदलते गिअर आणि रुंद टायर यांच्या बाबतीत मात्र ते सामान वाहणाऱ्यांकडून शर्यतवाल्यांकडे, आणि उशिराच, पोहोचलं.

आता आक्षेप. पहिला वजनाचा. तो हिशेबाने तपासता येतो, म्हणून हिशेबच करू. हलकं कॅरियर आणि त्याचे स्क्रू मिळून ६०० ग्रॅम धरू. खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला जायचं तर चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा. तेवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला साधारण ३,२०० ज्यूल लागतात. १५० वॉटने पेडल मारणाऱ्या बेताच्या स्वाराला हा बावीस सेकंदांचा खर्च आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर नुसती उंची गाठायलाच त्याला पन्नास मिनिटं लागतात. त्या पन्नास मिनिटांत बावीस सेकंद. आत भरलेल्या सामानाचं काय? ते तर कुठेही ठेवलं तरी वर न्यावंच लागतं. जर्सीच्या खिशात ठेवलेली ट्यूब घाटात सायकलवरच्या ट्यूबपेक्षा हलकी होत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. उभं राहून पेडल मारताना लादलेली सायकल हातात जड लागते, दोन्ही बाजूंना झुलवता येत नाही. शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला त्याने फरक पडेल. दिवसभराच्या प्रवासात पडत नाही.

वाऱ्याचा आक्षेप जास्त वजनदार आहे. दोन्ही बाजूंना लटकलेल्या मोठ्या पिशव्या, म्हणजे पॅनिअर, वारा अडवतात आणि सपाटीवर वेगात त्याची किंमत मोजावी लागते, यात वाद नाही. पण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला लागणारी ताकद घनाने. ताशी ४० किलोमीटरला जी ताकद हवा खाते, ती २० ला एक अष्टमांश उरते. घाटात ताशी दहाच्या वेगाला तर ती जवळजवळ नगण्य होते. शिवाय मी मोठ्या पॅनिअरची वकिली करत नाही. एक दिवसाच्या किंवा रात्रभराच्या प्रवासाचं सामान सीटमागच्या पिशवीत किंवा हँडलपुढच्या पेटीत मावतं. सीटमागची पिशवी तर स्वाराच्याच सावलीत जाते. वाऱ्याचं कारण सांगून सामान पाठीवर घेणारे लोक मात्र ओझं शरीराच्या सर्वांत वाईट जागी ठेवतात. पाठीवरच्या सॅकचं वजन सीटवर टेकलेल्या दोन हाडांतून आणि मनगटांतून खाली जातं. ते उंचावर असल्याने सायकल डगमगते आणि आपल्या हवेत सॅकखालची पाठ तासाभरात भिजून जाते. जर्सीच्या मागच्या तीन खिशांत केळी आणि पातळ रेनकोट ठीक आहे. तिथे लोखंडी हत्यार ठेवणं म्हणजे पडलं तर पाठीच्या कण्यावर ते घेऊनच पडणं. चार किलो मागच्या चाकाच्या वर टाकायचे की मणक्यावर, हा प्रश्न सायकल बनवणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता.

मग बाइकपॅकिंगच्या पिशव्या आल्याच आहेत की, असं कुणी म्हणेल. आल्या, आणि त्यांचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. सीटला आणि फ्रेमला पट्ट्यांनी बांधायच्या या पिशव्या उत्तर अमेरिकेच्या कच्च्या वाटांवर वाढल्या. तिथे कॅरियरचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात आणि पॅनिअर झाडाझुडपांत अडकतात. पुढे लांब पल्ल्याच्या, बिनमदतीच्या शर्यती सुरू झाल्या. २०१३ मध्ये माइक हॉलने युरोप ओलांडणारी ट्रान्सकॉन्टिनेंटल सुरू केली, आणि या पिशव्या डांबरावर आल्या. एका अर्थाने माझाच मुद्दा सिद्ध झाला. मागची गाडी काढून घेतली की शर्यतवालेही सामान बांधतात. पण त्यातून आता नवीनच नियम निघाला आहे. पिशवी चालेल, पण बाइकपॅकिंगचीच; कॅरियर मात्र नको. इथे मला आधीचीच चूक दिसते.

ती चूक कुणाला भोवते ते पाहा. सीटमागे शेपटासारखी निघणारी ती लांब पिशवी बसायला सीट आणि मागचं टायर यांच्यामध्ये चांगली वीतभर, पिशवी भरली की दीड वीत जागा लागते. पाच फूट दहा इंचांच्या माणसाच्या फ्रेमवर ती सहज मिळते. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईच्या फ्रेमवर सीट टायरच्या इतकी जवळ असते की पिशवी पहिल्या खड्ड्यातच घासते. हँडलवर बांधायची गुंडाळीसारखी पिशवी हँडलच्या दोन वळणांमध्ये बसवायची. तिचं हँडलच अरुंद, म्हणून तीही हातांना अडते किंवा ब्रेकच्या वायरी दाबते. फ्रेमच्या त्रिकोणात ठेवायची पिशवी म्हणावी तर लहान फ्रेमचा त्रिकोण दोन बाटल्यांनीच भरतो. महाराष्ट्रात सायकलिंगकडे वळणाऱ्या कितीतरी बायका आणि ठेंगणे पुरुष याच मापांत बसतात. त्यांना टायरच्या वर दोन बोटांवर टेकणारं एक छोटं कॅरियर हे साधं, स्वस्त आणि पूर्ण उत्तर आहे. पण भोकं नाहीत म्हणून ते बसत नाही, आणि भोकं नाहीत कारण बारीक चणीची माणसं फॅशन ठरवणाऱ्यांत नव्हती. यात चीड यावी असं पुष्कळ आहे.

याहून सबळ आक्षेप कार्बनचा आहे, आणि तो घेणाऱ्यांचं म्हणणं एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. कार्बनच्या नळ्यांवर पट्ट्या आवळून कॅरियर बसवू नये. ज्या जागी दाब सोसायची रचना नाही तिथे दाब दिला तर नळी चिरडते, आणि आतली चीर बाहेरून दिसतही नाही. आखूड मागच्या बाजूमुळे पॅनिअरला टाच लागते, हेही खरं. पण यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की ज्या फ्रेममध्ये सोय केलेली नाही तिच्यावर जुगाड करू नये. कार्बनमध्ये सोय करताच येत नाही, हे त्यातून निघत नाही. ट्रेकच्या डोमानीसारख्या कार्बन रोड बाइकमध्ये मडगार्डसाठी न दिसणारी भोकं आहेत. कच्च्या रस्त्यांसाठीच्या कित्येक ग्रॅव्हल बाइकच्या कार्बन चिमट्यांना दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं असतात आणि किती किलोपर्यंत ओझं चालेल याचा आकडा कंपनीच देते. तेच कारखाने, तेच कापड, तीच राळ. रोड बाइकमध्ये ही भोकं गाळली जातात तेव्हा अडचण साहित्याची नसते.

'मग ग्रॅव्हल घ्या, टुरिंग घ्या, रोड बाइक शर्यतीचीच आहे' हे उत्तर ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण ते बाजारातल्या नावांना निसर्गनियम मानतं. रोड बाइक घेणारे बहुतेक लोक शर्यत खेळत नाहीत. ते शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला किंवा खंडाळ्याला जातात, सुट्टीत कोकणात उतरतात, बीआरएम करतात. बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. मधल्या ठरावीक थांब्यांखेरीज बाहेरची मदत घ्यायची नाही, रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. दर चार वर्षांनी होणारी बाराशे किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस हे त्यांचं स्वप्न असतं. त्या वाटेवर १८९१ पासून सायकली धावत आहेत, आणि १९३१ पासून हौशी स्वार आपापलं सामान घेऊन ती पुरी करत आहेत. या माणसाला दोन ट्यूब, पंप, हत्यारं, दिव्यांच्या बॅटऱ्या, रेनकोट, जादा मोजे, खाणं, मीठ-साखरेची पाकिटं हे सगळं न्यायचंच आहे. त्याला वेग हवा, वाकडं हँडल हवं, हलकी फ्रेम हवी, आणि चार किलो ठेवायला जागाही हवी. यात विसंगती कुठे आहे? एवढ्यासाठी दुसरी लाखभराची सायकल घ्यायला सांगणं हे उत्तर विकणाऱ्याच्या सोयीचं आहे.

शेवटी दिसण्याचा आक्षेप. तो तोंडाने क्वचितच मांडला जातो, पण सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे त्याला एक जास्तीची कड आहे. कॅरियर म्हटलं की काळी सायकल आठवते. दुधाच्या किटल्या लटकवलेली, पावाची टोपली बांधलेली, डबेवाल्याची, पिठाची गोणी गिरणीतून आणणारी. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हा ती सायकल सगळ्यांची होती. मोटारसायकली आल्यावर ती ज्यांना परवडत नव्हत्या त्यांचीच उरली. नवीन रोड बाइक घेणाऱ्याला त्या सायकलपासून शक्य तितकं दूर दिसायचं असतं, आणि कॅरियर ते अंतर पुसून टाकतं. पण दूधवाल्याची सायकल नीट पाहिली तर ओझं कसं वाहावं याचा उत्तम धडा तिथेच आहे. किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या उंचीला, समतोल लटकलेल्या, आणि कॅरियरच्या मजबूत चौकटीवर टेकलेल्या. हात मोकळे, पाठ मोकळी. आज परदेशी पॅनिअर विकताना वजन खाली ठेवा, दोन्ही बाजूंना सारखं ठेवा असं सांगतात, ते हेच. जे हजारो माणसांनी रोज पहाटे करून दाखवलं त्याची लाज वाटावी, हे मला पटत नाही.

आणि पावसाळा आहेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीत सायकल चालवायचे सर्वांत सुंदर दिवस असतात. त्याच दिवसांत बिनमडगार्डची रोड बाइक मागच्याच्या तोंडावर चिखल उडवत जाते आणि स्वाराच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठवते. गटाने चालवणाऱ्यांनी निदान एकमेकांसाठी तरी मडगार्ड लावायला हवीत. इंग्लंडच्या क्लबांत हिवाळी फेरीला मडगार्डशिवाय येणं वाईट वागणं समजलं जातं. आपल्या कुठल्याही क्लबाला पुढच्या मेमध्ये एवढं ठरवता येईल.

मागणी फार मोठी नाही. मागच्या आसाजवळ दोन भोकं, सीटखालच्या दोन नळ्यांना एकेक, पुढच्या चिमट्याच्या टोकांना दोन आणि माथ्याला एक. ब्रेक आणि टायर यांच्यामध्ये मडगार्ड जाईल एवढी जागा. सगळी भोकं छोट्या स्क्रूंनी बुजवून द्यावीत. ज्याला शर्यत खेळायची आहे त्याच्या सायकलचं वजन त्याने काही ग्रॅमच वाढेल. शर्यतीच्या सायकलवर तर जागतिक संघटनेचीच ६.८ किलोंची खालची मर्यादा २००० सालापासून आहे. पुढच्या वेळी दुकानात रोड बाइक पाहताना वजनाआधी चाकाच्या आसाजवळ बोट फिरवून बघावं, आटे लागतात का. लागत नसतील तर दुकानदाराला तसं सांगावं, आणि ती सायकल घेणार नसलो तर याच कारणाने घेत नाही हेही सांगावं.